निवडणं

हडर्सफील्डला, चर्चमागच्या हॉलमध्ये,
मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला
आम्ही नऊ जण गोल बसलो
आणि मॉरीनबाईंनी प्रत्येकाच्या तळव्यावर
एकेक बेदाणा ठेवला.

"खायचा नाही. नुसता बघायचा.
जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघताय."

मला हसू आवरेना.
मी तासगावची.
शाळा सुटली की दप्तरासकट बेदाण्याच्या शेडवर,
फ्रॉकला कायम गंधकाचा वास,
आणि ही बाई मला सांगते
पहिल्यांदाच बघ.

शेजारी डेरेक, निवृत्त फायरमन.
एक्स-रे पाहावा तसा तो बेदाणा
दिव्यासमोर धरून बसला होता.
त्याच्या आत काय जळत होतं
ते त्याने आठही आठवडे सांगितलं नाही.

माझं मी सांगते.
गोळ्या एक मिलिग्रॅमच्या होत्या. मी दहाच्या दिल्या.
दुसऱ्या दिवशी मिस्टर अ‍ॅक्रॉइड स्वतःच पाकीट घेऊन आले,
म्हणाले, "पोरी, यांचा रंग जरा वेगळा वाटला."
एकही घेतली नव्हती.
काही झालं नाही.

काही झालं नाही, हे वाक्य
दिवसा पुरतं.
रात्री तीनला त्याला शेपूट फुटतं:
झालं असतं तर.
रेडिएटर टकटक करत निवत जातो
आणि मी त्या धडधाकट म्हाताऱ्याला
अंधारात रोज एकदा पुरून येते.

भांडून पाहिलं. रामरक्षा म्हणून पाहिली.
उशी डोक्यावर घेऊन पाहिली.
पुढच्या दाराने हाकललं की तो विचार
मागच्या दाराने येतो,
आणि येताना भावकी घेऊन येतो:
तू आहेसच धांदरट.
तुला कामावर ठेवलं कुणी.
एवढ्या लांब येऊन हेच केलंस.

पाचव्या मंगळवारी मॉरीनबाई म्हणाल्या,
"जे येईल त्याला फक्त नाव द्या. बाजूला ठेवा."
आणि मला आईची बोटं दिसली.

आई किलोवर निवडायची.
तापल्या पत्र्याखाली मांडी घालून, समोर ढीग,
तोंडाने कुणाच्या तरी सुनेची कथा चालू,
आणि बोटं आपली:
हिरवा. पिवळा. काडी. काळा.
काळा निघाला म्हणून ती चिडली नाही,
वेलीला बोल लावला नाही,
माझ्याच वाटणीला का, असं विचारलं नाही.
उचलला. पाहिला. डावीकडे.
पुढचा.

फोनवर सांगितलं तर म्हणाली,
"निवडायला शिकवायचे पैसे घेतात?"
"नाही गं, फुकट आहे."
"मग जा."

आता तीनला जाग आली की म्हणते,
काळा.
हाही काळा.
ही काडी, गॅसच्या बिलाची.
हा हिरवा: खिडकीबाहेर एक पक्षी
उजाडायच्या आधीच ओरडतो, त्याचं नाव मला माहीत नाही.
कधी सहा-सात नीट निघतात
आणि झोप लागते.
कधी अख्खी पाटी कलंडते,
मग सकाळपर्यंत मी गुडघ्यांवर, वेचत.

एक गोष्ट मॉरीनबाईंना सांगायची राहिली.
काळे आम्ही फेकत नव्हतो.
ते आम्हा पोरांच्या खिशात जायचे,
शाळेच्या वाटेवर एकेक चघळायला.

काल मिस्टर अ‍ॅक्रॉइड आले, नवीन टोपी घालून.
मी गोळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.
लेबल वाचलं, ओठ हलवत, पहिलीतल्या मुलीसारखं.
तोही आला होताच,
काउंटरवर कोपर टेकून, चिठ्ठीशिवाय.
मी म्हटलं, थांब जरा.
आधी यांचं होऊ दे.